मोबाइलमधला निळा कागदावर जांभळा का येतो? इंकजेटवर खरा रंग काढायची रीत

१४ एप्रिल जवळ आला की विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "भाऊ, मोबाइलमंदी तं मस्त निया दिसून राह्यला होता, कागदावर जांभया काहून आला?" दुकानदार मग शाईला शिव्या देतो, फोटोशॉपमध्ये स्लायडर इकडेतिकडे सरकवतो, चार-पाच फोटो पेपर वाया घालवतो आणि शेवटी "प्रिंटमंदी एवढं होतेच" म्हणून गिऱ्हाइकाची समजूत काढतो.

सेवा केंद्राच्या जोडीला फोटो, लग्नपत्रिका, वाढदिवसाची कार्डं, पोळ्याचे शुभेच्छापत्रक असली कामं नव्यानं घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. घरच्या छोट्या इंक टँक प्रिंटरवरही हेच लागू पडतं. म्हणणं थोडक्यात असं: रंग बिघडला की फाइलला हात लावायच्या आधी मशीन, कागद आणि ड्रायव्हर (कॉम्प्युटरमधलं प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) तपासा. बहुतेक वेळा घोळ तिथंच असतो, फाइल बिचारी ठीक असते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. शाई, कागद आणि सेटिंग असं तिन्ही एकदम बदललं तर रंग सुधारला तरी कशानं सुधारला ते कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आधी फरक समजून घ्या

स्क्रीन स्वतः उजेड फेकते. लाल, हिरवा आणि निळा असे तीन उजेड मिसळून ती रंग दाखवते, म्हणून त्याला आरजीबी म्हणतात. कागदाला स्वतःचा उजेड नाही. त्याच्यावर पडलेल्या उजेडातला काही भाग शाई गिळते आणि उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. प्रिंटरमधल्या शाया सायन (आकाशी), मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळी आणि काळी, म्हणून त्याला सीएमवायके म्हणतात. निळ्या नावाची शाई चार रंगांच्या मशीनमध्ये नसतेच. सायनवर मॅजेंटा पडली की निळा तयार होतो, आणि मॅजेंटा जरा जास्त झाली की तोच जांभळ्याकडे झुकतो.

स्क्रीनवरचा भडक निळा, म्हणजे लाल ०, हिरवा ०, निळा २५५, हा रंग कागदावर येऊच शकत नाही. प्रिंटर त्याच्या आवाक्यातला जवळचा रंग शोधतो आणि तो जांभळट निघतो. भडक हिरवा आणि झगझगीत केशरी यांचंही तेच. मृगबहाराच्या संत्र्याचा रंग कागदावर बराच जमतो, कारण पिवळी आणि मॅजेंटा मिळून केशरी चांगला होतो. पण मोबाइलवर जो केशरी दिव्यासारखा पेटलेला दिसतो, तो नाही जमत. हे गिऱ्हाइकाला ऑर्डर घेतानाच सांगून टाकावं. प्रिंट हातात दिल्यावर सांगितलं तर ती सबब वाटते.

सहा रंगांच्या मशीनबद्दल एक गैरसमज आहे. एप्सनच्या एल८०५ किंवा एल८०५० सारख्या मशीनमध्ये फिकी सायन आणि फिकी मॅजेंटा जास्तीची असते. त्यानं चेहऱ्याच्या, आभाळाच्या फिकट छटा मऊ येतात, दाणे दिसत नाहीत. गडद निळा मात्र त्यामुळे फार वेगळा येईल अशी आशा ठेवू नका. पासपोर्ट फोटो आणि लग्नाचे फोटो हे मुख्य काम असेल तर सहा रंगांचं मशीन घ्या, नाहीतर चार रंगांवरही चांगलं काम निघतं.

मशीन धड आहे का ते पाहा

सकाळी दुकान उघडलं की साध्या कागदावर नोझल चेक काढायचा, म्हणजे शाई सोडणारी बारीक भोकं (नोझल) उघडी आहेत का ते दाखवणारा नमुना. चारही रंगांच्या रेषा अखंड दिसल्या पाहिजेत. सायनची बरीच नोझल बंद असली तरी साध्या काळ्या मजकुरात कळत नाही, पण फोटोत सगळे चेहरे तांबूस येतात आणि माणूस मग स्क्रीनला दोष देत बसतो.

रेष तुटली असेल तर हेड क्लीनिंग (नोझल ज्यात असतात त्या हेडची सफाई) एकदा करा, फार तर दोनदा. त्यानं नाही भागलं तर मशीन बंद करून रात्रभर तसंच राहू द्या आणि सकाळी पुन्हा तपासा. वाळलेली शाई भिजायला वेळ लागतो. लागोपाठ पाच-सहा वेळा क्लीनिंग मारल्यानं टँक रिकामा होतो आणि फुकट गेलेली शाई ज्या पॅडमध्ये जमते ते पॅडही लवकर भरतं. हेड अलाइनमेंट वर्षातून दोन-तीनदा आणि मशीन हलवल्यावर एकदा, एवढं बस.

आता आपल्याकडच्या उन्हाळ्याचं. एप्सन आपल्या प्रिंटरसाठी १० ते ३५ अंश तापमान आणि २० ते ८० टक्के आर्द्रता सांगतं. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाच्या छताखालच्या दुकानात काय होतं ते वेगळं सांगायला नको. हवा कोरडी असली की हेडमधली शाई वाळते. म्हणून काम नसलं तरी उन्हाळ्यात एक दिवसाआड छोटा रंगीत कागद काढत जा. कूलर लावत असाल तर प्रिंटर त्याच्या झोतात ठेवू नका. ओलसर हवेनं कागदाला लाटा येतात आणि लाटेवर हेड घासलं की काळे ओरखडे पडतात. पावसाळ्यात गोष्ट उलटी. उघडा कागद ओल पितो, शाई पसरते, गडद रंग चिखलासारखे एकजीव होतात. फोटो पेपरचं पाकीट उघडल्यावर उरलेला कागद त्याच पिशवीत, तोंड घट्ट बंद करून, आडवा ठेवायचा.

लाइन जाण्याचा त्रासही रंगापर्यंत पोहोचतो. प्रिंटर त्याच्याच बटणानं बंद केला तर हेड कोपऱ्यातल्या झाकणावर जाऊन बसतं आणि नोझल ओली राहतात. छपाई चालू असताना लाइन गेली किंवा कोणी भिंतीवरचं बटण बंद केलं तर हेड मधेच उघडं राहतं. म्हणून प्रिंटरला यूपीएस किंवा इन्व्हर्टरची लाइन द्या. ते नसेल तर लाइन आल्याबरोबर मशीन चालू करून त्याच्या बटणानं नीट बंद करा. रात्री मेन स्विच पाडून घरी जायची सवय असेल तर आधी प्रिंटरचं बटण, मग मेन.

शाई आणि कागद ही जोडी आहे

शाई दोन जातींची. डाय शाई पाण्यात विरघळलेली असते, चकचकीत कागदावर तिचे रंग खुलतात, पण उन्हात लवकर उडतात. पिगमेंट शाईत बारीक कण असतात. ती टिकते, पाण्याला दाद देत नाही, पण स्वस्त चकचकीत कागदात नीट मुरत नाही आणि बोटाला लागते. कॅननच्या जी मालिकेतल्या बऱ्याच चार रंगांच्या मशीनमध्ये काळी शाई पिगमेंट आणि बाकी तीन डाय असतात. अशा मशीनला तुम्ही चकचकीत फोटो पेपर दिला आणि ड्रायव्हरमध्ये मात्र 'प्लेन पेपर' ठेवलं, तर ते पिगमेंट काळी वापरतं आणि केसांचा काळा रंग हाताला येतो. तेच फोटो पेपर निवडलं की ते काळा रंग बाकीच्या डाय शायांतून बनवतं. शाईत दोष नसतो, निवडीत असतो.

कंपनीच्या शाईऐवजी बाजारातली स्वस्त शाई वापरावी का? माझं मत असं की वापरायची तर एकच पकडा आणि धरून राहा. वेगळ्या कंपनीच्या मॅजेंटाचा रंग थोडा वेगळा असतो आणि ड्रायव्हरचं सगळं गणित मूळ शाईवर बसवलेलं असतं. अर्धा टँक एक शाई नि वरून दुसरी ओतली तर रंग रोज थोडा थोडा सरकत राहतो, आणि सरकणारा रंग दुरुस्त करता येत नाही.

कागदाची छपाईची बाजू ओळखायची असेल तर ओलसर बोट कोपऱ्याला लावून बघा. जी बाजू किंचित चिकटते ती छपाईची. कागदाचा पांढरेपणाही सारखा नसतो. काही कागदांत चमक आणणारी रसायनं असतात, ते उन्हात निळसर पांढरे दिसतात आणि बाकीचे कागद त्यांच्या बाजूला ठेवले तर पिवळट वाटतात. ज्या कागदावर नमुना पास झाला त्याच कागदावर पूर्ण ऑर्डर काढा. नागपूरच्या सीताबर्डीतून कागद आणत असाल तर एकाच कंपनीचे, एकाच वजनाचे गठ्ठे आणलेले बरे. दोनशे रुपये वाचवायला दर वेळी नवा कागद घेणारा माणूस दर वेळी नव्यानं रंग जुळवत बसतो.

उजेड, आणि ती हिरवी जाळी

आपल्याकडे उन्हाळ्यात दुकानापुढे हिरवी जाळी बांधतात. सावली बरी पडते, पण आत येणारा सगळा उजेड हिरवट होतो. त्या उजेडात फोटो काढला तर माणूस आजारी दिसतो, आणि त्या उजेडात प्रिंट बघितली तर बरोबर असलेली प्रिंटही चूक वाटते. निळ्या ताडपत्रीचं तेच. गडद पोपटी किंवा गुलाबी डिस्टेंपर मारलेल्या भिंतीही कागदावर आपला रंग टाकतात. ज्या टेबलावर रंग तपासायचा त्याच्या मागची भिंत पांढरी किंवा राखाडी करून घ्या, अगदी पांढरा फ्लेक्स उलटा करून लावला तरी चालेल.

प्रिंट तपासायची उत्तम जागा म्हणजे सकाळी दहा-अकराच्या सुमाराला उघड्या आभाळाखालची सावली. थेट उन्हात नको. ढगाळ दिवस किंवा रात्रीचं काम असेल तर रंग खरा दाखवणारा एलईडी लावा. खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा जास्त आणि ५००० केल्विनच्या (उजेडाच्या झाकेचं माप) आसपास लिहिलेला. छपाई क्षेत्रात प्रिंट बघायला ५००० केल्विनचाच उजेड धरतात. साधा स्वस्त बल्ब काही रंग खातो, आणि दुकानात जुळलेला रंग गिऱ्हाइकाच्या अंगणात जाऊन वेगळा दिसतो. दोन वेगळ्या शायांतून बनलेला राखाडी तर यात हमखास पकडला जातो.

स्क्रीन

बहुतेक दुकानांत स्क्रीन फार उजळ ठेवलेली असते. मग त्यावर बरोबर दिसणारा फोटो छापल्यावर काळवंडतो. 'प्रिंट डार्क येते' या तक्रारीचं पहिलं कारण हेच. उपाय फुकटचा आहे. स्क्रीनवर पूर्ण पांढरं पान उघडा, शेजारी चांगल्या उजेडात कोरा फोटो पेपर धरा, आणि दोन्ही सारखे उजळ वाटेपर्यंत ब्राइटनेस कमी करा. सुरुवातीला स्क्रीन मेलेली वाटेल, दोन दिवसांत सवय होते. मग मॉनिटरच्या मेनूत कलर टेंपरेचर ६५०० किंवा एसआरजीबी (रंगांचं सगळीकडे चालणारं प्रमाण, पुढे येतंच) करा. नाइट लाइट, आय केअर, रीडिंग मोड, व्हिविड हे सगळं बंद. विंडोजमध्ये 'कॅलिब्रेट डिस्प्ले कलर' नावाची सोय आहे, तिच्यातून गॅमा (मधल्या छटांची उजळता) आणि राखाडीचा तोल बऱ्यापैकी बसतो.

स्वस्त लॅपटॉपच्या स्क्रीनवर फार भरवसा ठेवू नका. मान थोडी वरखाली केली की रंग बदलतो आणि कित्येक लॅपटॉप पूर्ण एसआरजीबीही दाखवू शकत नाहीत. रंगाचं काम वाढलं की आयपीएस पॅनेलचा वेगळा मॉनिटर घ्या. स्क्रीन मोजायचं यंत्र, कलरीमीटर म्हणतात त्याला, ते महाग पडतं. पण तालुक्यातल्या चार दुकानदारांनी मिळून एक घेतलं तर अवघड नाही, कारण महिना-दीड महिन्यातून एकदाच लागतं. त्याच्यासोबत डिस्प्लेकॅल हे फुकट सॉफ्टवेअर चालतं.

गिऱ्हाइकाचा मोबाइल हा मात्र कधीच नमुना मानू नका. आजच्या अमोलेड स्क्रीन मुद्दाम भडक दाखवतात. त्याला डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये 'नॅचरल' करायला सांगा आणि मग बघा म्हणा, निम्मा वाद तिथंच मिटतो.

फाइल: सीएमवायके करायची घाई नको

इथं एक जुनी सवय आड येते. फ्लेक्स आणि ऑफसेटची कामं करणाऱ्यांना 'छपाई म्हणजे सीएमवायके' असं शिकवलेलं असतं, म्हणून ते कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल आधी सीएमवायके करतात आणि मग इंकजेटवर सोडतात. टेबलावरच्या साध्या इंकजेटचा ड्रायव्हर आरजीबीच मागतो. त्याच्याकडे सीएमवायके गेलं की ते आधी पुन्हा आरजीबी होतं आणि मग परत शायांमध्ये वाटलं जातं. या ये-जा मध्ये निळा आणि हिरवा मेलेले असतात. इंकजेटसाठी फाइल आरजीबीच ठेवा, आणि प्रोफाइल (आकड्यांचा नेमका रंग कोणता ते सांगणारी माहिती) एसआरजीबी. एचपी आणि मायक्रोसॉफ्टनं १९९६ साली मांडलेलं हे प्रमाण आजही मोबाइल, इंटरनेट आणि साध्या प्रिंटरची समान भाषा आहे. अ‍ॅडोबी आरजीबी मोठं असतं म्हणून ते निवडण्याचा मोह होईल, पण प्रोफाइल न वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती फाइल फिक्कट दिसते. नव्या माणसानं त्या वाटेला जाऊ नये.

जेपीईजी सेव्ह करताना आयसीसी प्रोफाइलची (तेच प्रोफाइल फाइलसोबत जोडायची) खूण चालू ठेवा. कोरलमध्ये नवं पान उघडताना कलर मोड आरजीबी निवडा. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला तर तो दाबला जातो, बारकावे जातात, म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. ३५ बाय ४५ मिलिमीटरच्या पासपोर्ट फोटोला ३०० पीपीआयनं (इंचाला ३०० पिक्सेल) साधारण ४१३ बाय ५३१ पिक्सेल पुरतात, तेव्हा आकाराची फार चिंता नको.

ड्रायव्हर: इथं सावकाश वाचा

सगळ्यात जास्त रंग इथं बिघडतात. प्रिंटची आज्ञा दिल्यावर रंगाचं रूपांतर कोणीतरी एकानंच करायचं असतं, एक तर सॉफ्टवेअरनं नाहीतर प्रिंटरच्या ड्रायव्हरनं. दोघांनी केलं तर सासूनंही मीठ टाकलं आणि सुनेनंही टाकलं असं होतं. प्रिंट तांबूस, भडक किंवा काळपट येते आणि कुठलाही स्लायडर तिला सरळ करू शकत नाही.

नव्या माणसासाठी सोपी वाट ही: फोटोशॉपच्या प्रिंट खिडकीत कलर हँडलिंगला 'प्रिंटर मॅनेजेस कलर्स' निवडा. मग प्रिंट सेटिंग्ज उघडून ड्रायव्हरमध्ये जा. तिथं सर्वांत आधी कागदाचा प्रकार खरा सांगा. ही एक ओळ ठरवते की किती शाई टाकायची, कोणती काळी वापरायची आणि रंगांचं गणित कोणतं लावायचं. चकचकीत कागदाला 'प्लेन पेपर' ठेवलं तर रंग फिके आणि मातकट येतात. साध्या कागदाला ग्लॉसी ठेवलं तर शाई पाझरून मागे येते. त्यानंतर क्वालिटी 'हाय' करा. एप्सनच्या ड्रायव्हरमध्ये 'मोअर ऑप्शन्स' मध्ये कलर करेक्शन असतं. ते 'ऑटोमॅटिक' वर चालतं, पण फोटो एनहान्स नावाचं जे काही आहे ते बंद ठेवा. ते प्रत्येक फोटो बघून स्वतःच्या मनानं उजळवतं, त्यामुळे एकाच कुटुंबाच्या चार फोटोंत त्वचेचे चार रंग येतात.

बिनकंपनीच्या कागदाचं नाव ड्रायव्हरच्या यादीत नसतं. मग यादीतल्या जवळच्या दोन-तीन प्रकारांवर, म्हणजे प्रीमियम ग्लॉसी, फोटो पेपर ग्लॉसी, मॅट यांवर, एकच नमुना काढा. ज्यात शाई साचत नाही, काळ्या केसांतल्या छटा वेगळ्या दिसतात आणि राखाडी राखाडीच दिसतो, तो प्रकार त्या कागदाला कायमचा ठरवून टाका. कागदाच्या पाकिटावर मार्करनं लिहून ठेवा, म्हणजे तुम्ही नसताना दुकानावर बसलेला भाऊही तेच निवडेल.

दुसरी वाट जरा अनुभव आल्यावर. तुमच्या नेमक्या कागद आणि शाईचं आयसीसी प्रोफाइल हाताशी असेल तर फोटोशॉपमध्ये 'फोटोशॉप मॅनेजेस कलर्स' निवडून ते प्रोफाइल द्या. रेंडरिंग इंटेंट (आवाक्याबाहेरचे रंग कसे बसवायचे ती रीत) फोटोसाठी परसेप्च्युअल किंवा रिलेटिव्ह कलरीमेट्रिक, दुसरा निवडलात तर ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशनची खूण चालू. आणि मग ड्रायव्हरमध्ये जाऊन कलर करेक्शन पूर्ण बंद: एप्सनमध्ये कस्टम, अ‍ॅडव्हान्स्ड, 'नो कलर अ‍ॅडजस्टमेंट', कॅननमध्ये कलर मॅन्युअल करून मॅचिंग 'नन'. हे शेवटचं पाऊल विसरलं की मीठ दोनदा पडलंच म्हणून समजा.

सेटिंग जमली की ड्रायव्हरमध्येच प्रीसेट म्हणून नावानं सेव्ह करा. 'ग्लॉसी १८० पासपोर्ट', 'मॅट पत्रिका' अशी साधी नावं. मोबाइलवरून थेट प्रिंट देण्याच्या अ‍ॅपमध्ये यातलं काहीच नीट हातात राहत नाही, म्हणून रंगाचं काम कॉम्प्युटरवरूनच.

राखाडी पट्टी, मग निळा

आता नमुना. आरजीबीचे तिन्ही आकडे सारखे ठेवून चौकोन बनवा: ०, २५, ५०, ७५ असे २५० पर्यंत. ही राखाडी पट्टी छापा. रंगीत प्रिंटर राखाडी बनवताना बहुतेक सगळ्या शाया थोड्याथोड्या वापरतो, म्हणून कुठलीही शाई कमीजास्त झाली की सर्वांत आधी राखाडीच चुगली करतो. पट्टी तांबूस दिसली तर क्रमानं बघा: सायनची नोझल, कागदाचा प्रकार, दुहेरी रूपांतर, शाईची भेसळ. सगळं ठीक असूनही हलकी झाक राहिली तरच ड्रायव्हरमधले सायन, मॅजेंटा, पिवळ्याचे स्लायडर दोन-चार अंकांनी हलवा. गडद टोकाला ०, २५ आणि ५० हे चौकोन वेगळे दिसत नसतील तर शाई जास्त पडतेय, कागदाचा दुसरा प्रकार करून बघा.

घाईत निर्णय नको. डाय शाईचा रंग ओली असताना वेगळा असतो. निदान अर्धा तास थांबा, मोठी ऑर्डर असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी बघा.

राखाडी सरळ झाला की सुरुवातीचा निळा. कोरलमध्ये चौकोनांचं कोष्टक करा. लाल सगळीकडे ०. आडव्या ओळीत हिरवा वाढवत न्या: ०, २०, ४०, ६०, ८०, १००, १२०. उभ्या ओळीत निळा: १२०, १५०, १८०, २१०, २४०. पस्तीस चौकोन दीड-दीड सेंटिमीटरचे केले तर चार बाय सहा इंचाच्या एका कागदावर बसतात. प्रत्येकाखाली आकडे टाका आणि ठरलेल्या प्रीसेटनं छापा. वाळल्यावर सावलीत नेऊन जयंती मंडळाच्या कापडी झेंड्याशेजारी धरा. हिरव्याचा आकडा वाढला की मॅजेंटा कमी पडते आणि जांभळी झाक जाते, हे एका नजरेत दिसेल. जो चौकोन झेंड्याला लागून दिसतो त्याचे आकडे तुमचा निळा. तो भिंतीवर चिकटवून ठेवा. पुढच्या वेळी डिझाइनमध्ये तेच आकडे भरायचे, स्क्रीनवर तो रंग थोडा वेगळा दिसला तरी घाबरायचं नाही.

हीच पद्धत केशरी, हळदीचा पिवळा, पानाचा हिरवा यांना. माझी सूचना अशी की एक पंचशील ध्वज छापून बघावा. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी, सगळे अवघड रंग एकाच चित्रात आणि शेजारी शेजारी. बाजारातल्या कुठल्याही टेस्ट चार्टपेक्षा आपल्या गिऱ्हाइकाला तो जास्त कळतो, कारण त्याला मूळ रंग पाठ असतात.

फोटोशॉपमध्ये 'प्रूफ कलर्स' आणि 'गॅमट वॉर्निंग' आहे. प्रोफाइल असेल तर कोणता रंग छपाईत मावणार नाही ते छापायच्या आधीच दिसतं. गिंप या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही सॉफ्ट प्रूफची (छपाईचा अंदाज स्क्रीनवरच बघायची) सोय आहे.

चेहरे

पासपोर्ट फोटोत रंगाची चूक छापताना कमी आणि फोटो काढताना जास्त होते. हिरव्या जाळीबाहेर, पांढऱ्या भिंतीजवळ, उघड्या सावलीत उभं करा. त्या माणसाच्या हातात कोरा पांढरा कागद देऊन एक जास्तीचा फोटो घ्या. नंतर व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर त्या कागदावर टेकवला की सगळ्या फोटोंची झाक एकदम जाते.

चेहरा गोरा करून द्यायची प्रथा मला पटत नाही. उन्हात राबणाऱ्या माणसाचा रंग उजळवला की गालाच्या छटा जातात, चेहरा सपाट होतो आणि परीक्षेच्या दारावर किंवा बँकेत फोटो न् माणूस जुळत नाही. सावळा चेहरा चांगला छापायचा तर ब्राइटनेस वाढवू नका, कर्व्हमध्ये मधल्या छटा किंचित उचला, बाकी राहू द्या.

प्रोफाइल कधी बनवायचं

एकच कागद, एकच शाई आणि महिन्याला भरपूर फोटोकाम असेल तर स्वतःचं प्रोफाइल फायद्याचं. शेकडो रंगीत चौकोनांचा तक्ता सगळं कलर मॅनेजमेंट बंद करून छापायचा, दिवसभर वाळू द्यायचा आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरनं मोजायचा. सॉफ्टवेअर त्यातून प्रोफाइल बनवतं, आर्गिलसीएमएस हे त्यातलं फुकटचं. यंत्र विकत घेणं परवडत नाही, पण ते ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे छापलेला तक्ता पाठवून प्रोफाइल करून घेता येतं. नावाजलेल्या कागद कंपन्या आपल्या कागदाचं प्रोफाइल फुकट देतात, मात्र ते ठरावीक मॉडेल आणि मूळ शाईसाठीच असतं. शाई बदलली, कागद बदलला किंवा क्वालिटीचं सेटिंग बदललं की ते प्रोफाइल बाद.

लॅमिनेशन आणि फ्लेक्स

लॅमिनेशन केल्यावर रंग गडद होतात, मॅट कागदावर तर चांगलेच. ओळखपत्रांच्या ड्रॅगन शीटमध्येही (कार्डाची प्लास्टिक शीट) गरम दाबानंतर छटा बदलते. तेव्हा जे काम लॅमिनेट होणार, त्याचा नमुनाही लॅमिनेट करूनच गिऱ्हाइकाला दाखवा. आणि शाई पूर्ण वाळल्याशिवाय गरम लॅमिनेशन नको, आत वाफ अडकून पांढरट डाग पडतात.

मंडळवाले बऱ्याचदा लहान नमुना तुमच्याकडे पास करतात आणि वीस फुटी फ्लेक्स अमरावतीला किंवा यवतमाळला छापायला देतात. तिथली शाई वेगळी, कपडा वेगळा, मशीनचं गणितही वेगळं. तुमच्या चकचकीत फोटो पेपरवरचा निळा त्या फ्लेक्सवर तसाच येणार नाही, म्हणून तुमची प्रिंट 'कलर सॅम्पल' म्हणून त्यांच्या हातात देऊ नका. फ्लेक्सवाल्याला फाइल कोणत्या मोडमध्ये हवी ते फोन करून विचारा, तशी वेगळी कॉपी करून द्या, आणि निळ्याचा वीतभर तुकडा त्याच्याच मशीनवर आधी छापून मागवा.